‘बघू’ म्हणजे नकार नव्हे : राजीनामा आणि शिल्लक रजेचे पैसे

एका वाचक भगिनी सहा वर्षे एका खासगी कंपनीत अकाउंट्सचे काम करतात. ऑफिसात ३४ माणसे आहेत. रजा मागितली की साहेब म्हणतात, “बघू, क्वार्टर संपू दे.” मिळालीच तर घरी लॅपटॉप उघडावा लागतो. आता त्यांनी राजीनामा दिला आहे. शेवटचा दिवस ३८ दिवसांवर आहे आणि खात्यात ४१ पीएल, म्हणजे काम करून साठलेल्या अर्जित रजा, शिल्लक आहेत. एचआरचे उत्तर : राजीनामा दिल्यावर एनकॅशमेंट, म्हणजे शिल्लक रजेचे पैसे, नाही, तशी पॉलिसी आहे. अशाच आशयाची पत्रे पुष्कळ येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, पॉलिसी बाजूला ठेवा. तुमचे पैसे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ च्या कलम १८ मधल्या एका परंतुकावर, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेल्या अटीवर, अवलंबून आहेत. मालकाने कामावरून कमी केले, तर शिल्लक अर्जित रजेचा पगार द्यावाच लागतो. स्वतःहून राजीनामा दिला, तर मात्र कायदा दोन गोष्टी विचारतो : रजा मागितली होती का, आणि ती नाकारली होती का? दोन्ही हव्यात.

तुमची अडचण इथेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही लिहिले, “सर, पुढच्या आठवड्यात जमेल का?” त्यात किती दिवस, कुठून कुठवर, कोणती रजा, काहीच नाही. वर उत्तर ‘बघू’. हा अर्ज नाही आणि तो नकारही नाही. सहा वर्षांत एक साधा अर्ज करायला काय हरकत होती, असे विचारल्याशिवाय राहवत नाही. पण दिवाळीआधी तुम्ही तीन आठवडे अगोदर १२ दिवसांची पीएल ई-मेलने मागितली होती आणि ‘नॉट अप्रूव्ह्ड’ असे उत्तर आले होते, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते सांगता. तोच तुमचा सगळ्यात भक्कम कागद! कंपनीचा ई-मेल शेवटच्या दिवशी बंद होईल. तारखेसकट प्रिंट आजच काढा, रजेच्या शिल्लक खात्याचाही काढा.

आता नवा अर्ज करा, आणि आजच. याच कलमात ४५ दिवसांवरच्या रजेचे पैसे मागण्यासाठी १५ दिवस आधी अर्जाची अट आहे. तुमची शिल्लक ४५ च्या आत असली तरी तीच मुदत पाळा, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. सोळाव्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतची अर्जित रजा मागा आणि उरलेल्या दिवसांचा पगार फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, द्यावा, असे त्याच अर्जात लिहा. ई-मेल करा आणि कागदी प्रतीवर पोच घ्या. रजा मंजूर झाली तर घ्या. नाकारली तर तो नकार जपून ठेवा. गप्प बसले तर आठ दिवसांनी स्मरणपत्र द्या : अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास रजा नाकारली असे मी समजेन. नोटीस पिरियडमध्ये रजा नाही, हे नेमणूकपत्रातले कलम ते पुढे करतील. ते टिकेल असे मला वाटत नाही, पण ४१ पैकी किती दिवस पदरात पडतील याची हमी देत नाही.

सीएलचे, म्हणजे किरकोळ रजेचे, ८ दिवस विसरा, ते वर्षअखेर बुडतात. रजेत केलेल्या कामाचे तारीखवार मेसेज दाखवून ते दिवस खात्यात परत मागा. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा वेगळा कायदा मात्र आपल्याकडे अजून नाही. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेले विधेयक खासगी, म्हणजे सरकारने न आणलेले, होते, त्याचा कायदा झालेला नाही.

दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला संख्येचा : कायदा आला तेव्हा तो लागू व्हायला किमान १० कामगारांची अट होती, २०२५ मध्ये ती २० वर नेली. तुम्ही ३४ आहात, प्रश्न नाही. दुसरा, ‘त्या मॅनेजर आहेत’. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी वा गोपनीय पदांना हा कायदा लागू नाही, पण अशा पदांची यादी कंपनीने वेबसाइटवर किंवा दर्शनी जागी लावून तिची प्रत सुविधाकाराला, म्हणजे जुन्या भाषेत दुकाने निरीक्षकाला, पाठवायची असते. ती यादी मागा.

पैसे अडवलेच तर कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या. कोर्टात तारखांवर तारखा पडतात, वर्षे जातात, म्हणून कागद हातात असताना तिथेच तडजोड झालेली बरी. सोबत तीनच गोष्टी जोडा : दिवाळीआधीचा नकार, नव्या अर्जाची पोच आणि शिल्लक रजेचा प्रिंट.