निकेलचा मुलामा: कोणता आणि कोणत्या भागाला?

प्रश्न: आमच्या लहान कारखान्यात मसाल्याची पाकिटे बंद करणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. त्यांतील ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची पिन त्याच धातूच्या बुशात, म्हणजे पोकळ नळीसारख्या आधारात, पुढेमागे सरकते. थोड्याच दिवसांत पिनेवर खोल ओरखडे उठतात आणि ती बुशात घट्ट धरते. पाकिटांवर ओघळेल म्हणून भरपूर तेल देता येत नाही. दोन्ही भागांना निकेल प्लेटिंग केल्यास हा त्रास थांबेल का?
— एक वाचक, भांडुप, मुंबई

उत्तर: दोन्ही भागांना एकच मुलामा देऊ नये, हे आधी सांगतो. आपला त्रास मुळात जोडीचा आहे. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा ऑक्साइडचा थर अत्यंत पातळ असतो. दाबाखाली सरकताना बारीक उंचवट्यांवरचा हा थर फाटतो, उघडा पडलेला धातू समोरच्या तशाच धातूला उष्णतेशिवायच सांधला जातो आणि तो सांधा तुटताना एका भागाचा कण दुसऱ्यावर जाऊन बसतो. तो कण दाबला गेल्याने मूळ धातूपेक्षा कठीण झालेला असतो, म्हणून पुढचा ओरखडा अधिक खोल जातो. यालाच गॉलिंग म्हणतात. सारख्याच निकेलवर निकेल घासू दिले, तर कोरड्या अवस्थेत हीच कथा पुन्हा घडण्याचा धोका राहतो.

विजेच्या हौदात चढवलेला नेहमीचा चकचकीत निकेल या कामासाठी मला योग्य वाटत नाही. शुद्ध निकेल स्वतःच चिकटणारा धातू आहे, शिवाय तो कडांवर जाड आणि मध्ये पातळ बसतो. आपल्याला हवा आहे तो इलेक्ट्रोलेस निकेल. ॲब्नर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल या अमेरिकी संशोधकांनी १९४६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत वीज लागत नाही. सोडियम हायपोफॉस्फाइट असलेल्या, सुमारे ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात निकेल व फॉस्फरसचा मिश्र थर सर्वत्र सारख्याच जाडीने चढतो. त्याची कठिणता सुमारे ५०० ते ६०० विकर्स (कठिणतेचे एकक) असते. ४०० अंशांवर तासभर भाजल्यास निकेल फॉस्फाइडचे कण तयार होऊन ती ९०० च्या आसपास जाते, मात्र गंजरोधकता थोडी घटते. पाण्याने धुतल्या जाणाऱ्या यंत्रासाठी हा तोटा विचारात घ्यावा. पिन कडक केलेल्या पोलादाची असती, तर ४०० अंशांना तिचे पाणी उतरले असते, म्हणजे ती मऊ पडली असती; ३०४ ला तो धोका नाही.

माझा सल्ला असा, की मुलामा फक्त पिनेला द्यावा आणि बूश ॲल्युमिनियम ब्राँझचा (तांबे व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) करावा. वंगण अगदीच नको असेल, तर पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) कण मिसळलेला इलेक्ट्रोलेस निकेलही मिळतो. तो घर्षण कमी करतो, पण मऊ असतो, म्हणून जड दाबाला घेऊ नये आणि ४०० अंशांवर भाजूही नये.

प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन थर म्हणजे पिनेचा व्यास ५० मायक्रॉनने वाढतो, त्यामुळे ती तेवढी बारीक करूनच प्लेटिंगला पाठवावी. प्लेटिंगने ओरखडे बुजत नाहीत. पॉलिश आधी हवे. स्टेनलेसवर थर धरावा म्हणून निकेल क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणातील पहिला पातळ निकेल थर अत्यावश्यक आहे. तो वगळल्यास मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो आणि ते पापुद्रे बुशात अडकून पिन पुन्हा धरते, म्हणून प्लेटिंगवाल्याला देण्याच्या चलनावर ही अट स्पष्ट लिहून द्यावी.