पणजीच्या चर्चजवळच्या गार्डनमध्ये व्हॉलंटियर जमवून कामं करून घ्यायची जबाबदारी मिळालीय ना, मग हे वाच

अभिनंदन रे! पहिलं म्हणजे माळीकाकांशी दोस्ती कर, पाण्याचा नळ कुठे, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही हे त्यांनाच माहीत, नाहीतर व्हॉलंटियर उत्साहाच्या भरात तणाबरोबर अबोलीची रोपंही उपटून मोकळे होतात. रविवारी बोलावायचं तर चर्चमधल्या मासची (प्रार्थनेची) वेळ बघ, तेव्हा पार्किंगही मिळत नाही. ग्रुपवर वीस जण ‘येतो’ म्हणाले तर आठ धर, ग्लोव्हज मात्र वीसच ने. सुकी पानं जाळू देऊ नको, खतासाठी ठेव. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आठवड्यात काहीच ठेवू नको, सगळे माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) मागे असतात. आणि ८ डिसेंबरच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) तिथे फेरी, म्हणजे जत्रेसारखा बाजार भरतो, कचरा वेगळा करायला माणसं महिनाभर आधीच पक्की कर, ऐनवेळी कोणी फोन उचलत नाही.