जुना तलाव नव्याने बांधण्याआधी छत आणि पाइप तपासा

तुमच्या समितीने विचारले आहे की, चाळीस वर्षे जुन्या सार्वजनिक जलतरण व क्रीडा केंद्राच्या नूतनीकरणात बहुतेक रक्कम व्यायामशाळा आणि दर्शनी भागावर खर्च करून बंदिस्त तलावाला केवळ नव्या टाइल बसवल्या तर चालेल का. माझे स्पष्ट मत असे आहे की, तलावाचा तपासणी अहवाल हाती येईपर्यंत हा आराखडा मंजूरच करू नये.

सुरुवात छतापासून करावी. ज्या उग्र वासाला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो बहुतांशी क्लोरामाइनचा असतो, आणि क्लोरीन व पोहणाऱ्यांचा घाम यांतून तयार होणारी ही द्रव्ये दमट हवेबरोबर फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे कुणाचा हात पोहोचत नाही, तिथे साचून स्टेनलेस स्टीललाही आतून तडे पाडतात. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ साली तलावावरचे काँक्रीटचे टांगते छत अशाच गंजामुळे कोसळले आणि १२ जणांचा जीव गेला. म्हणून सीलिंगचे पत्रे उतरवून प्रत्येक टांगणी संरचना अभियंत्याकडून जवळून पाहून घ्यावी. खालून टॉर्च मारून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे.

गळतीचा अंदाज मात्र तुम्ही स्वतःच घेऊ शकता. तलावाच्या पायरीवर तलावाच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवावी, बादलीच्या आतल्या व बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर खुणा कराव्यात, तलावात पाणी भरणे आणि पोहणे दोन्ही बंद ठेवावे आणि चोवीस तासांनी पाहावे. बादलीतले पाणी केवळ बाष्पीभवनाने उतरते. तलावाचे त्याहून अधिक उतरले, तर तेवढी गळती आहे. २५ बाय १२.५ मीटरच्या तलावात एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ३,१०० लिटर पाणी होते! हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करावी, कारण पंप चालू असताना गळती वाढत असेल तर दोष बहुधा दाबाच्या पाइपमध्ये असतो, आणि तो नव्या टाइलने झाकला जातो, बरा होत नाही.

तपासणीच्या घाईत तलाव रिकामा मात्र करू नका. भूजल वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते.

गरम पाण्याच्या तलावातली सर्वाधिक उष्णता बाष्पीभवनाने जाते, त्यामुळे रात्री अंथरायचे आच्छादन आणि उष्णता परत मिळवणारी वायुवीजन यंत्रणा यांची तरतूद दर्शनी काचांच्या आधी करावी.

शेवटचा मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. शिकाऊंचा उथळ तलाव उत्पन्न कमी देतो, म्हणून पहिली कात्री त्याच्यावर चालते. पण लहान मुले आणि गुडघ्याचे रुग्ण पाण्यात उतरतात ते तिथेच. तो वगळण्याचा प्रस्ताव आला, तर सध्याच्या प्रत्येक वर्गाची वेळ आणि पटसंख्या समितीपुढे मांडा, आणि बांधकामाच्या काळात ते वर्ग कुठे भरतील हे निविदा काढण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्या.