लॅपटॉप आधी कपाटातून काढा

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक केटी लागली आहे. वेबसाइट बनवायला शिकायचं सोडून रात्र रात्र काळ्या स्क्रीनवर 'डीबगर' लिहीत बसतो. परीक्षेपर्यंत लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. सव्वा लाखाचा फुल स्टॅक कोर्स लावू का? — एक वडील, सांगली

उत्तर : केटी सुटेल. मला काळजी वाटली ती कुलपाची. वीस वर्षांच्या मुलाचं काम कपाटात कोंडलंत आणि वर ते अभिमानाने कळवलंत. तीन पानी पत्रात त्याच्या मावसभावाचं पॅकेज दोनदा आलंय, मुलगा काय म्हणतो ते एकदाही नाही. आहे ते फक्त त्याच्या वहीतलं एक वाक्य, तेही तुम्ही चेष्टेने उतरवलेलं : 'फोर्क झाल्यावर चाइल्ड सिगट्रॅपने मरतोय.'

या वाक्यासाठीच मी उत्तर लिहायला बसलो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चालू प्रोग्रॅम फोर्क करून स्वतःची प्रत काढतो. मूळ तो पेरेंट, प्रत ती चाइल्ड. चूक शोधणारा डीबगर पेरेंटच्या मेमरीत 'इथे थांब' अशी खूण पेरून ठेवतो. इंटेलच्या प्रोसेसरवर ती जेमतेम एका बाइटची. प्रत निघाली की खूणही चाइल्डमध्ये उतरते. चाइल्डवर डीबगरचा ताबा नसेल तर तो त्या खुणेवर येऊन सिगट्रॅप, म्हणजे 'खूण लागली' असा सिस्टीमचा इशारा, खातो आणि तो झेलणारं कुणी नसल्याने मरतो. डीबगरने कितीही धडपड केली तरी वेळेवर वर्दी देणं कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, जमतं : फोर्क होताच पेरेंटला थांबवायचं, चाइल्डचा क्रमांक कळवायचा, चाइल्डलाही सुरुवातीलाच रोखायचं. लिनक्समध्ये ही सोय २००२ साली, २.५.४६ आवृत्तीत आली. व्हीफोर्क हा फोर्कचाच एक प्रकार त्याहून नाठाळ. तिथे दोघांची मेमरी एकच, त्यामुळे चाइल्डमधली खूण पुसली की पेरेंटचीही जाते. (जीडीबी हा नावाजलेला डीबगर चाइल्डला सोडून देण्याआधी त्याच्यातल्या खुणा पुसतो. तुमच्या घरी हे काम कोण करणार?)

'हे सगळं परदेशात कधीच बनून झालंय, त्यात आता काय उरलंय,' असं तुम्ही लिहिता. साफ चूक. डीबगर ज्या पीट्रेसवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमवर ताबा मिळवून देणाऱ्या कर्नलच्या सोयीवर, उभे असतात ती युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपासून आहे, हे खरं. तरी लिनक्सने तिच्यात प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) जोडून घ्यायची नवी पद्धत आणली ती २०१२ मध्ये. चिप, फोन, क्लाउड बनवणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. जागा थोड्या असतात आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांत त्या सहसा दिसत नाहीत, हेही ऐकून ठेवा. पण कर्नलचे बदल ईमेलने पाठवले जातात आणि तिथे कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही.

एम.टेक. करायचं असेल तर गेटच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टीम आहेच. कोर्सचे पैसे सध्या बँकेत राहू द्या.

आता मुलासाठी : केटीचा पेपर आधी काढ, तिथे लाड नाहीत. मग पीट्रेसला 'ट्रेसफोर्क' पर्याय (वर सांगितलेली २००२ ची सोय) दिला आहेस का, ते तपास. दहा ओळींचा प्रोग्रॅम, त्याने कर्नलकडे काय काय मागितलं ते दाखवणाऱ्या 'एस्ट्रेस'ला चाइल्डच्याही मागे जाणारा 'एफ' पर्याय लावून, चालव आणि काय दिसतं ते मला कळव.

ते पत्र त्यानेच लिहावं. पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.