गेटपासून पोर्चपर्यंतचं झिजलेलं काँक्रीट घरच्या घरी दुरुस्त करता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: गेट ते पोर्चचं जुनं काँक्रीट वरून झिजलंय, गिट्टी उघडी पडलीय, झाडू मारला की सिमेंटची धूळ निघते. त्यावर अर्धा इंच सिमेंट-रेतीचा थर दिला तर चालेल का, आणि मिस्त्री न लावता जमेल का?

जमेल. पण तो अर्धा इंचाचा थर देऊ नका. मी दिला होता.

आमचं घर नागपुरात मानेवाड्याकडे. मे महिन्यात सुट्या होत्या म्हणून मी तेव्हाच काम काढलं. अंगण झाडलं, पाणी मारलं आणि एकास चारचा माल (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) पसरून रंधा मारला. संध्याकाळपर्यंत वर जाळीसारख्या बारीक भेगा दिसू लागल्या, आणि ऑगस्टमध्ये गाडीच्या चाकाखाली पापडासारखे तुकडे सुटले. एक तुकडा उलटा करून पाहिला तर त्याच्या पाठीला पिठासारखी जुनी धूळ चिकटलेली होती. माझा माल काँक्रीटपर्यंत पोचलाच नव्हता, त्या धुळीलाच धरून बसला होता. सगळं पुन्हा उखडावं लागलं.

ही धूळ येते कुठून, ते आधी समजून घ्या. मूळ काम करताना माल पसरायला सोपा जावा म्हणून पाणी जास्त घातलं जातं. ते पाणी वर येताना सिमेंटचं दूध आणि बारीक माती सोबत आणतं आणि वरचा थर कमजोर होतो. त्यात मिस्त्रीने पाणी सुकवायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं असेल, तराई (नवं काँक्रीट ओलं ठेवणं) दोन-तीन दिवसच झाली असेल, तर तो थर काही वर्षांत झिजणारच. खालचं काँक्रीट बहुतेक वेळा चांगलं असतं. म्हणून नवीन थराचा विचार करण्याआधी हा कमजोर थर काढायचा.

त्याच्याही आधी एक तपासणी करा. नागपुरात बऱ्याच लेआऊटमध्ये घराखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. तुमच्या काँक्रीटला आरपार भेगा असतील, तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून अंतर मोजून ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. अंतर बदललं तर खालची जमीन हलते आहे. अशा भेगेवर कितीही चांगला थर दिला तरी ती त्याच जागी पुन्हा उमटते. अंतर बदललं नाही तर भेग मेलेली आहे, ती भरून टाकता येते. जिथे काँक्रीट एका बाजूने खचलंय तिथे वरची दुरुस्ती करूच नका. तेवढा तुकडा काढून मुरूम भरून, पाणी मारून धुम्मसाने ठोकावा लागेल.

आता हातोडी घ्या आणि फूट-फूट अंतरावर ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द, पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल करा. ते भाग छन्नीने पूर्ण काढायचे. उरलेल्या जागेवर, जात्याला टाकी लावतात तसे जवळजवळ टाचे मारा, गिट्टीचा स्वच्छ चेहरा दिसेपर्यंत. ग्राइंडरला डायमंड कप चाक लावलं तर काम लवकर होतं, पण धूळ प्रचंड उडते. ती फुप्फुसाला वाईट असते. नुसता रुमाल बांधून चालणार नाही, चांगला मास्क आणि चष्मा घ्याच. मला या एका कामाला तीन रविवार लागले. ते लागू द्या.

इंजिन ऑईलचे डाग राहिले तर तिथे माल धरत नाही. डिटर्जंट आणि तारेच्या ब्रशने घासा, नाही गेले तर तेवढा थर टाचून काढा. ॲसिड टाकायला लोक सांगतील. मी टाकत नाही, कारण ते नीट धुतलं गेलं नाही तर खालचंच काँक्रीट खातं.

थराच्या जाडीबद्दल माझं मत पक्कं आहे: काँक्रीट द्यायचं तर निदान दीड इंच. तेवढी उंची वाढली की गेट घासतं का, पोर्चच्या पायरीशी पाणी थांबतं का, हे आधी मोजा. उतार गेटकडे, दहा फुटांना दीड इंच धरा. उंची वाढवायला जागाच नसेल तर पॉलिमरचा तयार रिपेअर मॉर्टर मिळतो, तो पातळ थरात चालतो. महाग पडतो, पण साध्या सिमेंट-रेतीसारखा सुटत नाही.

माझी जागा १० बाय १८ फूट. दीड इंचासाठी एकास दीडास तीन (सिमेंट, रेती, गिट्टी) या प्रमाणात साधारण पाच पोती सिमेंट, साडेनऊ घनफूट रेती आणि एकोणीस घनफूट १० मिलिमीटरची बारीक गिट्टी लागली. रेती काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर गाळाचा जाड थर बसला तर ती धुऊन घ्या. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि रेती ओली असेल तर त्याहून कमी. माल घट्ट वाटेल, हात दुखतील, तरी पाणी वाढवू नका. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, म्हणून रबरी मोजे घाला.

आदल्या रात्री जुनं काँक्रीट भरपूर भिजवा. सकाळी ते आतून ओलं हवं, पण वर पाणी साचलेलं नको. त्यावर एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारं रबरी दूध) आणि सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ लेप, ब्रशने घासून लावा, प्रमाण डब्यावर असतं. आणि ती ओली असतानाच माल टाका. स्लरी वाळली तर ती चिकटवण्याऐवजी मधला सुटा पापुद्रा बनते. म्हणून मी स्लरी लावत पुढे जायचो आणि माझा भाचा मागून घमेल्याने माल टाकायचा. जुन्या सांध्यांच्या बरोबर वर नव्या थरातही सांधा ठेवा. हलणारी भेग असेल तर तीही सांधा समजून वरपर्यंत आणा आणि नंतर पॉलियुरेथेन सीलंटने भरा. वरचं पाणी विरलं की रंधा मारा, कोरडं सिमेंट भुरभुरू नका, आणि शेवटी कडक झाडूने आडव्या रेघा ओढा. पावसात चाक आणि पाय दोन्ही घसरणार नाहीत.

वेळ कोणती, तर नोव्हेंबर ते जानेवारी. ४० अंशांच्या वर काँक्रीट टाकणं हे उष्ण हवामानातलं काम धरतात आणि त्यासाठी भारतीय मानक ७८६१ वेगळं आहे. आपल्या मे महिन्यात त्या अटी घरी पाळणं अवघड आहे.

तराई हा या कामाचा जीव आहे. कोरड्या, उष्ण हवेत निदान १० दिवस ओलं ठेवायला काँक्रीटचं भारतीय मानक ४५६ सांगतं. मी १४ दिवस ठेवलं. उतारावर मातीच्या पाळी टिकत नाहीत, म्हणून बारदाना अंथरला आणि दिवसातून चार-पाच वेळा भिजवला. घरात दिवसभर कोणी नसेल तर बारदान्यावर प्लास्टिक टाकून कडेला विटा ठेवा. चालायला दुसऱ्या दिवसापासून हरकत नाही. गाडी मी २८ दिवस गेटबाहेरच उभी केली.

तुम्ही आधी हातोडी घेऊन ठोकून बघा. पोकळ जागा थोड्या निघाल्या तर हेच करा. निम्म्याहून जास्त निघाली तर टाचे मारण्यात रविवार घालवू नका, जुनं काढून खालून मुरमापासूनच नवीन करा.