तीन तऱ्हेची तीन मुलं आणि मालवणचे पाच दिवस

मावशी, नमस्कार.

मी डोंबिवलीची. थोरला मुलगा १७ वर्षांचा, अकरावीत. त्याला पाणी, पोहणं, स्कूबा याशिवाय दुसरं काही सुचत नाही. लेक १४ ची. दिवसभर वहीत चित्रं काढते, बोलते कमी. दर सुट्टीत आमच्याबरोबर येतो तो पुतण्या, १५ चा, आगगाड्यांचा वेडा. शिवाय सासूबाई आणि गडकिल्ल्यांच्या मागे लागलेले आमचे हे. गेल्या दिवाळीत गाडी काढून दापोली, गुहागर, गणपतीपुळे असे चार दिवस फिरलो. तिघं तीन दिशांना तोंड करून मोबाईलमध्ये. गणपतीपुळ्याला लेक पाण्यात उतरलीच नाही, सगळ्यांच्या चपला सांभाळत वाळूत उभी राहिली. त्याआधी तवसाळच्या फेरीबोटीवर हे मुलांवर एवढे ओरडले की चार माणसं वळून बघायला लागली. परतताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

यंदा भाऊबीजेनंतर पाच दिवस मिळताहेत. हरिहरेश्वर ते वेंगुर्ले अशी नऊ ठिकाणांची यादी केली आहे, प्रत्येकाच्या आवडीचं त्यात काही ना काही आहे. पुढच्या वर्षी थोरल्याची बारावी, मग तो कुठल्या कुठे जाईल. ही शेवटची सहल तरी सगळ्यांनी हसतखेळत करावी, एवढीच इच्छा आहे. काय करू?

— एक आई

बाळा, ती नऊ ठिकाणांची यादी आधी बाजूला ठेव.

तू ती किती जीव लावून केली असशील ते मला कळतं. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं वाढलंस. पण हरिहरेश्वर रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि वेंगुर्ले गोव्याच्या वेशीजवळ. मध्ये अख्खा रत्नागिरी जिल्हा पसरला आहे. आपला किनारा सरळ नाही, खाडी आली की रस्ता थांबतो. बागमांडल्याला फेरीबोट, दाभोळला फेरीबोट, तवसाळला फेरीबोट. प्रत्येक ठिकाणी रांग, ऊन, भूक. गेल्या वर्षी तुझे यजमान ओरडले ते मुलांवर नव्हेच. चार दिवस गाडी चालवून माणूस दमला होता. आणि मुलांच्या वाट्याला काय आलं? तासभर आवडीचं, बाकी वेळ मागच्या सीटवर एकमेकांचे कोपरे.

पाच दिवस, एकच मुक्काम. मालवण, नाहीतर तिथून जवळच तारकर्ली-देवबाग. घरगुती राहण्याची सोय बघ, तीन खोल्या घे. एक तुमची, एक मुलग्यांची, एकीत आजी आणि नात. १४ वर्षांच्या मुलीला रात्री दार लावून बसता आलं पाहिजे, आणि आजीसोबत ती जेवढी बोलते तेवढी तुमच्याशी बोलत नसेल.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी थांबले तिच्याबद्दल. लेक पाण्यात उतरली नाही, चपला सांभाळत उभी राहिली. ती का उतरली नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तुला ते माहीत नाही, आणि कोणी विचारलंही नसावं. "इथवर येऊन पाण्यात जात नाहीस?" असं सगळ्यांसमोर म्हणणं म्हणजे विचारणं नव्हे.

हे मी अनुभवाने सांगते. माझी लेक तेरा वर्षांची असताना मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर मी तिला हाताला धरून पाण्यात ओढलं होतं. मामे-मावस भावंडं सगळी डुंबत होती आणि ही एकटीच ओढणी गुंडाळून बसलेली. मला वाटलं, लाजते आहे, एकदा भिजली की खुलेल. ती भिजली, आणि तशीच धावत घरी गेली. पाळी आली होती तिची. मी तिची आई, आणि मला कल्पना नव्हती. पुढे दोन वर्षं ती समुद्रावर आली नाही. ते मी अजून विसरलेले नाही.

तुझ्या लेकीचं कारण तेच असेल असं नाही. ओले कपडे अंगाला चिकटतात आणि समोर दोन मुलगे मोबाईल घेऊन उभे, हेही असू शकतं. या वयात अंग आपलंच आपल्याला परकं वाटतं. किंवा तिला लाटांची साधी भीती वाटत असेल, आणि भावासमोर ते कबूल करवत नसेल. निघायच्या बऱ्याच आधी, घरी दोघीच असताना, कामं करता करता विचार. "गेल्या वर्षी तुला पाण्यात जायचं नव्हतं ना? यंदा नसेल जायचं तरी चालेल, मला फक्त सांग." एवढंच. पाळीची तारीख जुळत असेल तर तिला काय हवं ते दोघी मिळून ठरवा. गडद रंगाचा, अंगभर पोहण्याचा पोशाख मिळतो, तो तिचा तिला निवडू दे. मुलग्यांना नियम घालून दे की किनाऱ्यावरचा कोणाचाही फोटो त्या माणसाला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. हा नियम तुम्हा मोठ्यांनाही लागू.

आता दिवसांची वाटणी. तिघांना एकच गोष्ट आवडावी हा हट्ट सोड, ती आवडणार नाही. प्रत्येकाला त्याचा एक अख्खा दिवस दे. त्या दिवशी कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, ते त्यानं ठरवायचं. बाकीच्यांनी दोन तास मनापासून सोबत करायची, तोंड वाकडं करायचं नाही, आणि त्यानंतर ज्याला निघायचं असेल त्यानं खुशाल निघावं. दोन तास कोणीही सोसतो. आठ तास सोसायला लावले की माणूस समोरच्याच्या आवडीचाच राग करायला लागतो.

पुतण्याचा दिवस प्रवासाचाच. गाडी घरी ठेवा आणि मांडवी एक्स्प्रेसने या. ती सकाळी मुंबईहून सुटते, ठाण्याला धरा. कोकण रेल्वे दिवसाउजेडी बघायची चीज आहे आणि तुमच्याकडे तर ती समजावून सांगणारा घरचाच माणूस आहे. २६ जानेवारी १९९८ पासून या मार्गावरून गाड्या सलग धावू लागल्या. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. कोलाडला मालाने भरलेले अख्खे ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवलेले दिसले तर त्याला विचार, हे काय म्हणून. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर. रत्नागिरी सोडली की पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच. खाली नारळाची झाडं कोथिंबिरीच्या काड्यांसारखी दिसतात. त्या पुलावर तुम्ही सगळे त्याच्याबरोबर खिडकीशी असा. पंधरा वर्षांच्या मुलाला आपलं वेड कोणीतरी मन लावून ऐकतंय, हे फार क्वचित मिळतं. तो तर आईवडिलांशिवाय तुमच्याबरोबर येतो. त्याला पाहुण्यासारखं मागच्या सीटवर बसवू नका.

कुडाळला उतरलात की मालवण साधारण तासाभरावर.

थोरल्याचा स्कूबाचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेव, शेवटी नको. दिवाळीच्या सुमारास कधी कधी परतीचा पाऊस रेंगाळतो, समुद्र गढूळ असतो, बोट निघत नाही. पहिल्या दिवशी नाही जमलं तर पुढचे दिवस हातात राहतात. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक धरून खाली नेतात, पण सर्दी, कानदुखी किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार आणि तिथेही लपवू नका. नाक चोंदलेलं असताना खाली गेलं की कानावर दाब येतो. मुलाला दिवस हातचा जाऊ द्यायचा नसतो म्हणून तो सर्दी लपवतो, तेवढं तू बघ. बोटीवर लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, यजमानांनीसुद्धा.

लेकीच्या दिवसाबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण तिच्यासारख्या मुलांना कोकणात "तुझ्यासाठी इथे काय असणार" असं गृहीत धरतात. कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. तिथले ठाकर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आले आहेत. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि गात गोष्ट सांगायची. कळसूत्री बाहुल्याही तिथल्याच. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथून पुढे सावंतवाडी. चितारआळीत लाकडाची फळं, भाज्या, पोळपाट-लाटणी मांडलेली असतात. राजवाड्यात गंजिफा रंगवतात, त्या मात्र चुकवू नका. तळहातात मावणारे गोल पत्ते, दशावतारी गंजिफांचे १२० असतात, दर अवताराचे बारा. मी तिथे एका बाईंना मत्स्यावतार रंगवताना पाहिलं होतं. डाव्या हाताच्या चिमटीत पत्ता, उजव्या हातात जेमतेम चार केसांचा कुंचला. मान हलली नाही, फक्त पत्ता फिरत होता आणि माशाच्या अंगावर एकेक खवला उमटत होता. एक पत्ता होईपर्यंत मी उभी होते, पाय दुखल्याचं नंतर कळलं. लेकीला तिची वही घेऊन तिथे हवा तेवढा वेळ बसू दे. तू बस तिच्याजवळ, बोलू नकोस. मुलगे दोन तासांनी कंटाळले की त्यांना बाबांबरोबर मोती तलावावर खायला पाठव.

यजमानांनाही एक सकाळ द्यायचीच. सिंधुदुर्ग समोरच आहे. पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, तीन वर्षांत भर समुद्रात एवढा कोट उभा राहिला. २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले त्यांत हा आहे. पण त्यांना आधीच सांग, मुलांची परीक्षा घ्यायची नाही. "सांग बघू कोणत्या साली" सुरू झालं की तिघंही मोबाईल काढणार. त्यापेक्षा चारी बाजूंनी खारं पाणी असताना आतल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचं पाणी गोडं कसं, एवढंच विचारून सोडून द्यावं.

मोबाईल काढून घेऊ नका. जेवताना सगळ्यांचेच बाजूला, बस्स. त्यावरून पाच दिवस भांडत राहिलात तर सहल त्या भांडणातच जाईल.

एक दिवस पूर्ण रिकामा ठेव. रिकामा म्हणजे रिकामा, सकाळी उठवायचंसुद्धा नाही. माझा एक भाचा असाच घुम्या, मुंबईहून येऊन खोलीत पडून असायचा. एका पहाटे झोप येईना म्हणून देवबागच्या किनाऱ्यावर गेला. तिथे रापण ओढत होते. पाण्यात अर्धगोल टाकलेलं जाळं, दोन्ही टोकांच्या दोरांना दहा-दहा माणसं, आणि ताल धरून मागे मागे सरकणं. एका म्हाताऱ्या रापणकराने त्याला फक्त "धर रे" म्हटलं. तासभर त्याने दोर ओढला. तळहात सोलवटून, हातात चार बांगडे घेऊन घरी आला आणि माझ्या आईला म्हणाला, "आजी, हे मी आणले." आईने ते लगेच तळले. आमच्यापैकी कोणीही त्याला "जा, रापण बघ" म्हटलं असतं तर तो कूस बदलून झोपला असता.

आता ते "शेवटची सहल" हे शब्द. ते मनातून काढ, नाहीतर तू पाचही दिवस सगळ्यांची तोंडं बघत राहशील, कोण हसतंय, कोण नाही. तुला थोरला जाणार याचं वाईट वाटतं आहे. ते त्याला सांग. संध्याकाळी त्याच्याबरोबर किनाऱ्यावर चाल आणि सरळ म्हण, "तू गेलास की मला करमणार नाही." तो "काय गं आई" म्हणेल आणि पुढे चालायला लागेल. तरी त्याला कळलेलं असेल.

आणि एवढ्या मोठ्या पत्रात नवरा, तिन्ही मुलं, सगळ्यांच्या आवडी आल्या. तुझी नाही. तुला काय आवडतं ते मला पुढच्या पत्रात कळव, आणि त्याच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेव.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, दिवाळीची तिकिटं बघता बघता संपतात. तारीख मोजून ते काम आजच पुतण्यावर सोपव. लेकीशी बोलणं मात्र त्याच्याही आधी.

— मावशी