डोहाळजेवणासाठी फुलांचे दागिने घरी करता येतात का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला सातवा लागलाय, येत्या रविवारी घरीच डोहाळजेवण आहे, तयार वाडी, म्हणजे फुलांच्या दागिन्यांचा संच, महाग पडतेय आणि तुम्हाला सुई-दोऱ्यापलीकडे काही येत नाही. अहो, सुई-दोरा येतो ना, मग झालं. गजरा ओवता येणाऱ्या कुणालाही वाडी जमते.

फक्त मोबाइलवर नमुने बघत बसण्याआधी बहिणीला एवढं विचारा, की हल्ली तिला कुठला वास सहन होत नाही? मी वहिनीच्या वेळी हे विचारलं नव्हतं. अर्धा किलो निशिगंधाच्या कळ्या आणल्या आणि मुकुट, हार, बाजूबंद सगळं त्याचंच केलं. दिसत होतं फार सुरेख. पण हॉल बंद, त्यात बायकांची गर्दी. ओटी भरायला तिसरी सवाष्ण उठली तोवर वहिनीचा चेहरा पार उतरलेला. मुकुट काढून ठेवावा लागला. पुढच्या सगळ्या फोटोंत तो झोपाळ्याच्या कडीला लटकलेला दिसतो. आई नंतर म्हणाली, "तिला उदबत्तीसुद्धा चालत नव्हती, तू घरातच होतीस की गं!"

म्हणून मुकुट आणि हार, म्हणजे जे नाकाजवळ येतं ते, शेवंती, जिप्सी किंवा ऑर्किडचं करा. मोगरा तिला आवडत असेल तर वेणीपुरता. कण्हेर मात्र नको, ती विषारी असते.

दुसरं म्हणजे माप. दंड, मनगट आणि कंबर तिचीच मोजा, आणि याच आठवड्यात. या दिवसांत हातापायांवर सूज येते, त्यामुळे आपल्या हातावर बेतलेला बाजूबंद तिला रुततो.

बाजूबंद असा करा. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद, दुहेरी पट्टी घ्या. पुठ्ठा घेऊ नका, त्याच्या कडा टोचतात. लांबी दंडाच्या घेरापेक्षा थोडी कमीच ठेवा आणि दोन्ही टोकांना वीत-वीतभर सॅटिनची रिबन शिवा, म्हणजे बांधताना सैल-घट्ट करता येतं. शेवंतीचा देठ कापायचा, पण पाकळ्यांखालची हिरवी वाटी ठेवायची आणि सुई त्या वाटीतूनच घालायची. पाकळ्यांतून घातलीत तर फूल तासाभरात सुटतं. दर फुलानंतर मागच्या बाजूला एक गाठ मारा. कंटाळा येतो खरा, पण एक फूल निघालं म्हणून अख्खी ओळ ओघळत नाही. मधल्या फटींत जिप्सीच्या बारीक काड्या खोवा. हेच मनगटाला, हेच कंबरपट्ट्याला, नुसती लांबी बदलायची. कंबरपट्ट्याची गाठ मात्र कुशीला घ्या, पाठीमागे नको, ती टेकून बसणार आहे. आणि टाचण्या कुठेच नकोत.

ग्लू गनचा मोह आवरा. गरम गोंदाने ताज्या पाकळ्या लगेच तपकिरी पडतात. मणी, खोटे मोती चिकटवायला तो ठीक आहे.

पट्ट्या, रिबन, मणी शनिवारी रात्रीच उरकून घ्या. फुलं रविवारी पहाटे. मुंबईत असाल तर दादरला जा, पुण्यात असाल तर मंडईत किंवा मार्केट यार्डात. मोगरा शनिवारी संध्याकाळी मिळाला तर मिटलेल्या कळ्या ओलसर फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याजवळ त्या काळ्या पडतात. फुलं धुऊ नका, नुसती झटका. मुंग्या निघतात आणि हिरव्या साडीवर पाण्याचे डागही पडत नाहीत.

फुलांचा धनुष्यबाण करायला वेळ फार जातो, तो फूलवाल्याकडून आणा किंवा सोडून द्या. त्यापेक्षा होणाऱ्या दोन्ही आज्यांसाठी मनगटी गजरे करा. एक मोठी शेवंती, मागे दोन पानं, रिबन, एवढंच. दहा मिनिटांत एक होतो. आमच्याकडे आईने तिचा दुसऱ्या दिवशी सुकेपर्यंत काढला नव्हता. बाकीच्या बायकांना विकतचे साधे गजरे पुरतात.